भिजवून पाहिलेली गोळी

अक्का मुळात संशयी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, बाई होतीच तसली. उलट एवढा भोळेपणा शिवणाच्या धंद्यात परवडत नाही, अशी तिच्या धाकट्या भावाची कायमची कुरकुर होती. गिऱ्हाइकानं "कापड पुरेसं आहे" म्हटलं की अक्का न मोजता ठेवून घ्यायची, आणि कापताना कमी निघालं की आपल्याच डोक्याला ताण देऊन त्यातच कोट बसवायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी कापायचं टेबल, भिंतीला दोन मशीनं, आतल्या दाराजवळ इस्त्री. कापणं अक्काचं, शिवणं धाकट्याचं, काजं-बटणं आणि इस्त्री भावजयीची. आई-वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. अक्कानं त्याला वाढवला, मशीनवर बसवला, त्याचं लग्न करून दिलं. कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची आणि मूठ समोरच्याकडे करायची, हा त्याला दिलेला पहिला धडा. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. फिटा येणाऱ्या मुलीला कोण विचारतं, असं लोक म्हणायचे. मला टेबल सोडवत नाही, असं अक्का म्हणायची. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं.

फिटा लहानपणापासूनच्या. येण्याआधी तिला कापड जळाल्याचा वास यायचा. तो आला की ती असेल तिथं खाली बसायची. जुन्या गोळीनं फिटा आटोक्यात राहिल्या, पण केस गळले, अंग सुटलं, आणि शेवटी हात थरथरायला लागला. केस आणि अंग अक्कानं सोसलं. हात मात्र तिला सोसवेना. खडूची रेघ नागमोडी यायला लागली, कात्री रेघ सोडून भरकटायला लागली, तेव्हा ती नव्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "काहीही करा, माझा हात मला परत द्या."

डॉक्टर तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. त्यांनी हळूहळू जुनी गोळी काढून नवी सुरू केली. "हात सुधारेल," ते म्हणाले. "पण या गोळीनं काही जणांची चिडचिड वाढते, मनात नको नको ते येतं. तसं वाटलं तर लगेच सांगा हं."

अक्का हो हो म्हणाली. हात मिळत असेल तर चिडचिडीचं एवढं काय? शिवणाऱ्याच्या घरात कोण चिडत नाही?

आणि हात आला की! खडूची रेघ पुन्हा सरळ गेली, त्या दिवशी अक्का टेबलाशी उभी राहून रडली. फिटाही थांबल्या. वेळ चुकायला नको म्हणून गोळ्या द्यायचं काम भावजयीनं अंगावर घेतलं. जेवण झालं की बशीत फिटची गोळी आणि तिच्याशेजारी ताकदीची पिवळी गोळी, वर पाण्याचा पेला. अक्का म्हणायची, "पोरी, तू माझी भावजय की नर्स?" भावजय म्हणायची, "तुम्ही गिळा आधी." घर असं हसतं-खेळतं होतं.

मग कधीतरी अक्काला सगळ्यांचं सगळंच खुपायला लागलं. धाकट्याचं मशीन फार वाजतं. भावजय पाय घासत चालते. मुद्दाम घासते. एका दुपारी कॉलरवर इस्त्रीचा डाग पडला म्हणून दोघींची बोलाचाली झाली. बोलता बोलता अक्काच्या हातातली छोटी कात्री सुटली, आतल्या दाराच्या चौकटीला लागली आणि लाकडाचा टवका उडाला. एवढंच झालं. वस्तू हातातून सुटत नाही का कुणाच्या? पण भावजय पांढरीफटक पडली, आणि धाकटा मशीन थांबवून असा उभा राहिला की जणू घराला आग लागलीय. ती दोन तोंडं बघून अक्का आणखीच भडकली. एवढं नाटक कशाला?

तेव्हापासून पाणी कुठंतरी मुरायला लागलं, हे तिला दिसत होतं.

पहिली गोष्ट म्हणजे मोठी कात्री. कापायचं कापड ती मांडून बसली आणि कात्री जागेवर नाही. "धार लावायला दिलीय," धाकटा मान वर न करता म्हणाला.

"मला न विचारता?"

"बोथट झाली होती."

आता, अक्काची कात्री बोथट झाली हे अक्काच्या आधी धाकट्याला कळलं? रोज हातात कोण धरतं तिला? "तोवर कापतो मी," तो म्हणाला, "तू नुसत्या खुणा कर." ते वाक्य अक्कानं मनात टाचून ठेवलं. माणसाला टेबलावरून उठवायचं असेल तर आधी त्याची कात्री न्यावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे पिनांची गादी. ती एवढी वर्षं टेबलावर असायची. भावजयीनं आतल्या दाराच्या चौकटीला खिळा ठोकून तिथं टांगली. जाता-येता डोक्याला लागेल अशी. "तिथं कुणाच्या सोयीची ती?" अक्का काढायला गेली तर भावजय लगबगीनं आडवी आली. "राहू द्या हो अक्का, तिथंच बरी." त्यावर अक्कानं ठरवलं, ठेवा तुमची गादी तुम्हालाच. ती पिना ओठांत धरून काम करायला लागली. पूर्वी याच गोष्टीवरून भावजय तिला रागवायची; आता नुसती बघत राहायची. अक्का खोलीत आली की नवरा-बायकोचं बोलणं तुटायचं. धाकटा एकदा दवाखान्याच्या बाजूनं येताना दिसला. कुठं गेला होतास? दोरा आणायला. हातात दोरा नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, बशीतली. पिवळ्या गोळीच्या जागी एक बारकी पांढरी गोळी आली.

"ही कुठली?"

"ताकदीचीच. कंपनी बदलली म्हणे," भावजय म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढं केला. पाणी थोडं सांडलं.

कंपन्या बदलतात, हे खरं आहे. अक्कानं गिळली. पण त्यानंतर तिला सकाळी डोळे उघडवेनात. तोंड असं सुकायचं की जीभ टाळूला चिकटायची. आणि मग एका सकाळी खडू हातात धरला आणि रेघ थरथरली.

जो हात तिनं मागून परत मिळवला होता, तो कुणीतरी पुन्हा काढून नेत होतं. टेबल धाकट्याला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ लागत होता. फिटवाली बहीण किती दिवस सांभाळायची? झोपवून ठेवा, हात निकामी करून ठेवा, म्हणजे आपोआप आतल्या खोलीत जाईल. सुंठीवाचून खोकला गेला! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण मन काही हवेतून चिंतत नव्हतं, पुरावे समोर होते.

औषधवाल्याला गोळी दाखवून विचारता आलं असतं. पण तो धाकट्याचा दोस्त. दोघं रोज पारावर बसायचे. तोही त्यांच्यातलाच. अक्काजवळ मात्र स्वतःची एक पद्धत होती. अनोळखी कापड आलं की ती त्याचा तुकडा आधी भिजवून ठेवायची. रंग जातो का, आटतं का, ते वाटीत दिसतं. दुकानदाराच्या शब्दावर कोण कापतो? जुन्या पिवळ्या गोळ्यांतली एक बटणांच्या डब्यात पडून राहिली होती. दोघं शिवलेले कपडे पोचवायला गेले असताना तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत जुनी टाकली, दुसरीत आदल्या दिवशी गुपचूप न गिळता राखलेली नवी, आणि खुर्ची ओढून समोर बसली.

जुनीनं पाणी पिवळंजर्द केलं. तो ओळखीचा उग्र वासही आला. नव्या गोळीनं काही केलं नाही. तळाला पांढरा गाळ धरला आणि पाणी तसंच राहिलं. कंपनी बदलली तरी ताकद पांढरी होत नाही. अक्काला आठवलं की पिवळी गोळी घेत असताना लघवीलासुद्धा तो रंग यायचा, आणि तोही कधीचा बंद झालाय. आपण खरे ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ज्याला मांडीवर घेऊन झोपवलं तो आपल्याला कसलीशी पूड चारतोय, हे वाटीत बघून कुणाला आनंद होईल?

आता इथं शहाण्या माणसानं ओरडायला हवं होतं. वाट्या उचलून दोघांसमोर आपटायला हव्या होत्या. अक्कानं तसं केलं नाही, आणि माझा तिच्यावर राग आहे तो इथं. तिनं धंद्यातला नियम लावला. थानात एक डाग सापडला की अख्खं थान बाजूला करायचं. डाग तेवढा टाळून बाकीचं वापरू असं म्हटलं की कोट बिघडलाच. हा नियम कापडाला ठीक आहे. तिनं तो बशीला लावला. एक गोळी खोटी, म्हणजे दुसरीही खोटी. फिटची गोळी दिसायला तीच होती, पण दिसण्याचं काय? तेव्हापासून ती दोन्ही गोळ्या जिभेखाली धरायची, पाणी प्यायची, आणि पाठ फिरली की रुमालात काढून बटणांच्या डब्यात टाकायची.

आणि गंमत बघा, तिला बरं वाटायला लागलं. झोप उडाली, तोंडात पाणी आलं, खडूची रेघ पुन्हा सरळ गेली. आणखी काय पुरावा पाहिजे? ती भावजयीकडे बघून गोड हसायची. भावजयीला वाटलं, गोळी लागू पडली. धाकटा मशीनवर शीळ घालायला लागला. शीळ कसली घालतो, ते अक्काला चांगलं कळत होतं.

मग शाळेच्या मोठ्या बाई कोटाची ट्रायल घ्यायला आल्या. करडा लोकरी कोट, कच्च्या टाक्यांवर उभा. मोठ्या बाई खोलीच्या मधोमध हात पसरून उभ्या, अक्का त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर, ओठांत पिना, खालची घडी बेतत. शेजारी स्टुलावर बटणांचा डबा उघडा. आतल्या दाराशी भावजय त्याच कोटाची अजून न जोडलेली बाही इस्त्री करत होती.

अक्काला कापड जळाल्याचा वास आला.

आयुष्यभर हा वास आला की ती खाली बसत आली होती. आज तिनं मान वळवली ती भावजयीकडे. जाळतेय! बाही जाळतेय, मोठ्या बाईंच्या देखत, आणि नाव माझ्यावर घालणार! इस्त्रीचा हात कापडावरून नीट फिरत होता, कुठं धूर नव्हता, पण संशयानं भरलेल्या डोळ्यांना धुराची गरज लागत नाही. ओठांत पिना तशाच ठेवून अक्का ओरडायला उठली. तिला दिसलं ते भावजयीचं तोंड, इस्त्री टाकून आपल्याकडे धावत येणारं. मारायला येतेय, असं तिच्या मनात आलं. त्यानंतरचं तिला काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा ती कुशीवर होती आणि डोक्याखाली करड्या लोकरीची बाही होती, न जळलेली. अंग कुटून काढल्यासारखं दुखत होतं. मोठ्या बाई तो टाचलेला कोट घालूनच वारा घालत होत्या. भावजय भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या तर्जनीभोवती गुंडाळलेलं फडकं लाल झालं होतं. शेजारी बशीत पिना होत्या.

"फिट आली की तोंडात बोट घालायचं नाही, हे ठाऊक होतं त्यांना," मोठ्या बाई सांगत होत्या, "पण पिना गेल्या असत्या ना घशात! सगळ्या काढल्या हो. दात बसले तरी शेवटची सोडली नाही."

अक्का धाकट्याकडे बघत होती. पडताना स्टूल उलटलं होतं, डबा सांडला होता, आणि धाकटा जमिनीवर बसून बटणांतून गोळ्या वेचत होता. पांढऱ्या बारक्या, आणि फिटच्याही. त्यानं एकदा वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते, की रागानं लाल झाले होते, ते तिला सांगता आलं नाही.

डॉक्टरांच्या खोलीत तिघं शेजारी बसली. धाकट्यानं गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली.

"या कुठल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी न गिळलेल्या," अक्का म्हणाली. "आणि त्यातली ती बारकी पांढरी कुठली, ते आता तुम्ही सांगा. ताकदीची नाही ती. मी भिजवून बघितलीय."

डॉक्टरांनी धाकट्याकडे बघितलं. "तुम्ही यांना सांगितलंच नाही?"

धाकटा आपल्या नखांकडे बघत होता. "कसं सांगणार? डोक्याची गोळी आहे म्हटलं असतं तर..."

"ती मन शांत ठेवायची गोळी आहे," डॉक्टर अक्काला म्हणाले. "हे मला भेटायला आले. तुमचा राग फार वाढलाय, घरच्यांवर संशय घेताय, असं म्हणाले. फिटच्या गोळीनं तसं होतं कधी कधी, म्हणून मी ही लिहून दिली. त्यांना सांगून द्या आणि घेऊन या, एवढं बोललो आणि सोडून दिलं. तुम्हाला न बघता द्यायलाच नको होती. ती चूक माझी. झोप, सुकलेलं तोंड, थरथर, ते सगळं हिच्यामुळं."

"म्हणजे माझा संशय खरा होता."

"हो."

"आणि तो गोळीमुळं आलेला होता."

"तेही असेल."

"दोन्ही कसं असेल?"

"असतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पुढचं नीट समजावलं. पांढरी गोळी बंद. फिटची पुन्हा सुरू, आणि तिच्या जागी हळूहळू तिसरी. हाताचं काय, असं अक्कानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघत बघत जाऊ. पण काहीही झालं तरी फिटची गोळी मनानं एकदम सोडायची नाही. सोडावीशी वाटली तर आधी मला शिव्या द्यायला या."

घरी आल्यावर अक्कानं गोळ्यांचा डबा आपल्याकडे घेतला. स्वतःच्या हातानं गोळी काढली, पाणी प्यायली. धाकट्याची नजर तिच्या ओठांवर होती, आणि आपली नजर तिथं आहे याची त्याला लाज वाटत होती. अक्कानं त्यानं मागायच्या आधीच तोंड उघडलं, जीभ वर केली, दोन्ही गाल दाखवले.

"बघितलंस? आता तू दाखव."

"काय दाखवू?"

"जे जे लपवलंयस ते."

धाकटा आत गेला आणि पिठाच्या डब्यामागून मोठी कात्री घेऊन आला, फडक्यात गुंडाळलेली. "धार लावायला दिलीच नव्हती."

"ठाऊक होतं मला."

"दोरा आणायला नव्हतो गेलो. डॉक्टरांकडे गेलो होतो."

"तेही ठाऊक होतं." एकेक संशय खरा ठरत होता आणि अक्काची मान ताठ होत होती. आजारी म्हणतात मला! "आणखी?"

"जाऊ द्या ना आता," भावजय म्हणाली.

"नाही, सांगू दे त्याला. आणखी काय?"

धाकट्यानं कात्रीवरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाला, "मला भीती वाटत होती."

अक्का हसली. "फिटांची? जन्मल्यापासून बघतोयस की."

"फिटांची नाही गं. तुझी." त्यानं कात्री टेबलावर ठेवली. "त्या दिवशी ती छोटी कात्री सुटली नव्हती, अक्का."

"सुटलीच होती. चौकटीला लागली."

धाकटा दाराशी गेला आणि त्यानं खिळ्यावरची पिनांची गादी उचलली. अक्काची नजर सवयीनं खाली गेली, उंबऱ्याजवळ. सुटलेली वस्तू खाली पडते. खाली लाकूड धड होतं. टवका वर होता, गादीनं झाकला जाईल तिथं, आणि चांगला खोल होता.

अक्का तिथवर चालत गेली. तिनं बोट घालून बघितलं. मग भावजयीला म्हणाली, "इकडे ये. उभी राहा इथं."

भावजय येऊन चौकटीला पाठ लावून उभी राहिली, ट्रायलला उभी राहायची तशी. खरं तर उभं करायची गरज नव्हती. तिची सगळी मापं अक्काला तोंडपाठ होती. खांदा कुठं येतो, गळा कुठं संपतो, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. टवका भावजयीच्या डाव्या कानाशी आला. कान आणि लाकूड यांच्यात टाक्याएवढं अंतर होतं.

अक्कानं या घरातल्या सगळ्यांवर सगळे संशय घेऊन झाले होते. धाकट्यावर, भावजयीवर, डॉक्टरांवर, औषधवाल्यावर, बशीवर, इस्त्रीवर. एकच घ्यायचा राहिला होता. हात परत द्या म्हणून ती डॉक्टरांसमोर बसली होती, आणि परत आलेल्या हातानं पहिलं काय केलं ते तिनं बघितलंही नव्हतं.

"मला आठवतच नाही गं," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे," भावजय म्हणाली. "म्हणून तर झाकला."

अक्का टेबलाशी गेली. मोठी कात्री फडक्यातून काढली. तिला छान तेल लावलेलं होतं. पाती मिटवून तिनं ती टेबलावर ठेवली आणि मूठ भावजयीकडे केली.

"तुझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "कापायचं असेल तेव्हा मी मागेन. माझ्याकडे नीट बघायचं आणि मग द्यायची. वाटलं तर नाही द्यायची."

भावजयीनं पट्टी बांधलेल्या हातानं कात्री उचलली. मोठ्या बाईंचा कोट टेबलावर तसाच पडला होता. अक्कानं खडू घेतला, जरा थांबली, आणि बाहीवर रेघ ओढली. रेघ थोडी थरथरली होती. धाकट्यानं मशीनचा दिवा लावला.